बांधापलीकडचा ऊस

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की पिंपळी-लिमटेक, काटेवाडी, भवानीनगर, सणसर अशी गावं एकामागून एक येतात. या सगळ्या पट्ट्याला पोसतो तो निरा डावा कालवा, आणि कालव्याच्या पाण्यावर उभा असतो ऊस. इथल्या व्यवहारात तो इतका मुरलाय की पिढ्यान् पिढ्या हेच पीक असावं असं वाटतं. सोसायटीचं कर्ज, मुलीचं लग्न, पोराची फी, सगळ्याला मुदत एकच: ‘कारखान्याचं बिल आलं की.’ प्रत्यक्षात या मुलखाला ऊस शिकावा लागला. तो त्याला कुणी शिकवला, याची गोष्ट या प्रकरणासाठी फार कामाची आहे. कारण ज्यांनी शिकवला त्यांना आपण काही शिकवतोय याचा पत्ताही नव्हता.

१८७६-७७ च्या दुष्काळात निरा खोऱ्यात कालव्याचं काम निघालं. भाटघरला धरण बांधायला घेतलं, वीरजवळून डावा कालवा काढला आणि १८८५ मध्ये पाणी सुटलं. सरकारी हिशेब सरळ होता: दुष्काळी मुलूख, दारात पाणी, शेतकरी पाण्यासाठी रांगा लावणार. रांगा काही लागल्या नाहीत. पाऊस बरा झाला की कालव्याकडे कुणी फिरकायचं नाही. पावसानं ओढ दिली की मात्र एकदम सगळे पाणी मागायला येत. इंग्रज अधिकाऱ्यांना हा अडाणीपणा वाटला. मला तो वाटत नाही. ज्वारी-बाजरी करणाऱ्या माणसानं पाणीपट्टी भरून ज्वारीच काढायची तर त्यात त्याला काय सुटणार? पाणीपट्टी परवडेल असं पीक म्हणजे ऊस. ऊस करायचा तर गाड्याच्या गाड्या शेणखत हवं, पेंड हवी, बेण्याला पैसा हवा, वर्ष-दीड वर्ष हातात दमडी न येता थांबण्याची ऐपत हवी. शेवटी गुऱ्हाळ घालून काहिलीतला रस नेमक्या क्षणी उतरवणारा गुळव्याही हवा. एवढं सगळं आजवर कधी पाहिलंच नव्हतं, मग करायचं कुणाच्या भरवशावर?

ते पाहायला मिळालं सासवडच्या माळ्यांमुळे. पुरंदरमधले हे माळी विहिरीच्या पाण्यावर ऊस आणि बागाईत करण्यात तरबेज होते. कालव्याचं पाणी बघून ते निरेकाठी उतरले. इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्यांनी खंडानं घेतल्या आणि ऊस लावला. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ डॉनल्ड अॅटवुड यांनी या कालव्याच्या मुलखात राहून अभ्यास केला आणि १९९२ मध्ये ‘रेझिंग केन’ हा ग्रंथ लिहिला. ऊस इथं कसा रुजला आणि त्यातून सहकारी कारखानदारी कशी उभी राहिली, हे त्यात सविस्तर आलं आहे. स्थानिक शेतकरी या बाहेरून आलेल्या माळ्यांकडून ऊस शिकले, हा त्यातला एक महत्त्वाचा धागा.

शिकले म्हणजे कसे, हे जरा डोळ्यांपुढे आणून बघा. जमिनीचा मालक बांधावर उभा आहे. त्याचंच रान, पण कसतोय दुसरा. कालपर्यंत ज्या वावरात बाजरीची चार कणसं यायची तिथं पुरुषभर उंच पुंड्या ऊस डुलतोय. मालकाला खंड मिळतोय. पण खंडकऱ्याला त्याच्या कितीतरी पट मिळत असणार, हेही त्याला दिसतंय. पुन्हा त्याच्याच भावकीतली माणसं त्या उसात मजुरीला जातात. बेण्याचे डोळे कोणत्या बाजूला ठेवायचे, पाणी किती दिवसांनी द्यायचं, भरणी कधी करायची, पेंड कधी टाकायची, हे सगळं त्यांच्या हाताखालून जातंय. गुऱ्हाळावर रात्र-रात्र चुलवणात जाळ घालणारा गडी रसाचा रंग कधी पालटतो ते बघतोय. काही वर्षं अशी गेली आणि मालक मंडळी खंडाची मुदत संपल्यावर जमिनी स्वतःच कसू लागली. माळी पुढं सरकले. गुळाचे भाव पडल्यावर त्यांनी १९३२ मध्ये स्वतःची साखर कंपनी काढली आणि माळशिरस तालुक्यात माळीनगर वसवलं. त्यांच्या मागं राहिलेल्या मुलखानं पुढं माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर इथं सहकारी कारखाने उभारले.

इथं शिकवण्यासाठी म्हणून कुणीही तोंड उघडलं नव्हतं. माळ्यांचा तर यात तोटाच होता. जमीनमालक शिकला की खंडाची जमीन गेली. तरीही ज्ञान पाझरलं. ते का पाझरलं, याची कारणं बघायची तर थोडं दूर जावं लागेल.

अमेरिकेत आयोवा राज्यात १९२८ च्या सुमारास मक्याचं संकरित बी आलं. उत्पादन जास्त, ताट वाऱ्यात न लोळणारं. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी तिथल्या २५९ शेतकऱ्यांना विचारलं, की तुम्ही हे बी कधी ऐकलं, कधी घेतलं, आणि कुणाचं ऐकून घेतलं. १९४३ मध्ये त्यांचा लेख आला. १९४१ पर्यंत दोन सोडून बाकी सगळ्यांनी ते बी स्वीकारलं होतं. पण पहिल्यांदा कानावर पडणं आणि प्रत्यक्ष पेरणं यांत सरासरी नऊ वर्षं गेली होती. इतकं उघड फायद्याचं बी, आणि नऊ वर्षं! खरी गंमत पुढं आहे. बियाण्याची बातमी बहुतेकांना कंपनीच्या विक्रेत्यांकडून कळली होती. पेरायचं ठरवलं ते मात्र शेजाऱ्याकडे बघून. सांगणारा माहिती पोचवतो, हे खरं. पण माहिती झाली म्हणून कुणी हात घालत नाही. हात घालायला आपल्यासारख्याच कुणाचा तरी हात आधी त्यात गेलेला दिसावा लागतो.

‘आपल्यासारखाच’ या अटीवर मोठमोठ्या योजना आपटल्या आहेत. सीमन नॅप नावाचे एक म्हातारे गृहस्थ अमेरिकेच्या कृषिखात्यासाठी दक्षिणेत काम करत होते. सरकारनं आदर्श शेतं काढून पाहिली होती. शेतकरी येत, बघत, मान डोलवत आणि घरी जाऊन जुनंच करत. सरकारी पैशावर काय वाटेल ते पिकेल, असा त्यांचा साधा तर्क होता. १९०३ मध्ये टेक्सासमधल्या टेरेल गावी नॅपनी वेगळी युक्ती केली. वॉल्टर पोर्टर नावाच्या तिथल्याच शेतकऱ्याच्या रानात, त्याच्याच हातांनी, नॅपच्या सांगण्याप्रमाणे पीक घ्यायचं ठरलं. नुकसान झालं तर भरून द्यायला गावातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून हजार डॉलर बाजूला ठेवले. त्या पैशाला हात लावायची वेळ आली नाही. पोर्टरला उलट चांगला नफा झाला. अमेरिकेतल्या कृषिविस्ताराची सगळी पद्धत पुढं या एका शेतावरून घडली.

आपल्याकडे गव्हाच्या बुटक्या मेक्सिकन वाणांच्या वेळी हाच प्रश्न आला. १९६४ च्या सुमारास एम. एस. स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीजवळच्या जौंती गावात प्रात्यक्षिकं घेतली ती लहान शेतकऱ्यांच्या रानात. बड्या बागाईतदाराकडे पीक जोरात आलं असतं तर लोकांनी ते त्याच्या पैशाच्या खाती टाकलं असतं. पाच एकरवाल्याच्या रानात आलं की ते बियाण्याच्या खाती पडतं.

सासवडच्या माळ्यांचं उदाहरण इथं नेमकं बसतं. ते सरकार नव्हते, साहेब नव्हते, धोतर खोचून चिखलात उतरणारे शेतकरीच होते. रान इथलं होतं, पाणी इथलं होतं, पट्टी त्यांनाही भरावी लागत होती. त्यांचं बुडालं असतं तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बुडालं असतं. बघणाऱ्याच्या मनात जी जी शंका येऊ शकते तिचं उत्तर त्या वावरातच उभं होतं.

आजही या भागात एखाद्या शिवारफेरीला गेलं तर लोक कसं शिकतात ते बघण्यासारखं असतं. मांडव, माइक, सत्कार, नारळ, सगळं यथासांग. शास्त्रज्ञ बोलत असतात तोवर मागच्या दोन रांगा उठून उसात शिरलेल्या असतात. एकजण वाकून माती मुठीत दाबून बघतो. दुसरा बेटातले फुटवे मोजतो. तिसरा कांडीची लांबी वितीनं घेतो आणि शेजारच्याला खुणेनं दाखवतो. मग प्लॉटच्या मालकाला हळूच बाजूला घेतात.

‘‘नाना, खरं सांगा, एकरी घातलं किती?’’

‘‘ठिबक पदरचं का अनुदानातलं?’’

‘‘रान आधी कशाचं होतं?’’

आणि सगळ्यात धारदार प्रश्न, जो बहुधा वयस्कर माणूस विचारतो: ‘‘तुमचा दुसरा तुकडा कुठाय? तिथला ऊस दावा की.’’ विज्ञानात ज्याला तुलनेचा प्लॉट म्हणतात तो या आबांनी कुठल्याही पुस्तकाशिवाय शोधून काढलेला असतो. त्याच शेतकऱ्याच्या, त्याच मातीतल्या, जुन्या पद्धतीच्या उसाशेजारी नवा ऊस दाखवा, मग बोलू. कृषिविज्ञान केंद्रांच्या प्रात्यक्षिकांत शेजारी ‘शेतकऱ्याची पद्धत’ अशी पाटी लावून एक तुकडा ठेवतात तो यासाठीच. बारामतीत हे केंद्र अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या शारदानगरच्या आवारात चालतं. ट्रस्टची सुरुवात १९७१ मध्ये आप्पासाहेब पवारांनी केली, आणि तिथं दर हिवाळ्यात भरणाऱ्या ‘कृषिक’ प्रदर्शनाचा भर छापील तक्त्यांपेक्षा उभ्या पिकांवर असतो. लोक लांबून एसट्या आणि जीपा करून येतात ते यासाठी.

एक साधी गोष्ट जवळून पाहू: पाचट.

उसाची तोड झाली, टोळीनं मोळ्या भरून दिल्या की रानात गुडघाभर पाचट पडतं. हेक्टरी आठ-दहा टन. संध्याकाळी वारा पडल्यावर एक काडी लावली की अर्ध्या तासात रान मोकळं. पाणी सरीतून सरळ धावतं, नांगर-कुळव अडत नाही, उंदीर-सापाची भीती नाही. पाचट जाळू नका, त्यात सेंद्रिय कर्ब आहे, असं पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रापासून कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यापर्यंत सगळे सांगत आले. पाडेगावचं केंद्र १९३२ पासून आहे, निरेच्याच काठचं. त्यांची शिफारस अवघड नाही. खोडव्याचे बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत दाबायचं, त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी द्यायचं. पुढचं खत पाचट न हलवता पहारीनं बुडाशी भोक पाडून द्यायचं.

ऐकायला सोपं. पण पहिला महिना हे रान बघवत नाही. शेजारचं जाळलेलं रान काळंभोर, स्वच्छ, सरी-वरंबा नीट. आणि याच्याकडे नुसता उकिरडा. येणारा-जाणारा विचारतो, ‘‘काय तात्या, काडीपेटी नव्हती का घरात?’’ त्यात आणखी एक अडचण आहे, जिचा उल्लेख पत्रकांत सहसा नसतो. शेजाऱ्यानं आपलं पाचट पेटवलं आणि वारा फिरला, तर तात्यांनी जपलेलं पाचटही जातं. म्हणजे एकट्यानं उदाहरण घालून द्यायला बांधाला लागून असलेल्यांची निदान मूक संमती लागते.

निकाल लागतो उन्हाळ्यात. कालव्याचं आवर्तन लांबतं, विहिरी तळाला जातात, जाळलेल्या रानातला खोडवा दुपारी पानं गुंडाळून घेतो. पाचटाखालची ओल मात्र टिकलेली असते आणि तात्यांचा खोडवा हिरवा राहतो. आता कुणी काडीपेटीचं विचारत नाही. एक दिवस कुणीतरी बांधावर बसून तंबाखू मळत विचारतो, ‘‘जिवाणू कुठनं आणलं होतं हो?’’ मेळाव्यातलं भाषण तासाभरात संपतं आणि ते नेमकं अशा वेळी दिलेलं असतं जेव्हा फरक दिसत नाही. वावरातलं उदाहरण ऊन तापेपर्यंत, फरक दिसायला लागेपर्यंत जागेवर उभं राहतं. उदाहरणानं शिकवण्यातली खरी ताकद यात आहे असं मला वाटतं. त्याला घाई नसते आणि बघणारा आपल्या गरजेच्या दिवशी त्याच्याकडे येतो.

मात्र याच ताकदीची दुसरी बाजू मुलांच्या बाबतीत फार लवकर दिसते. १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७२ मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांसमोर एक मोठं माणूस फुगवलेल्या बाहुलीला बडवतं, हातोडीनं मारतं, काही ठरावीक शब्द ओरडतं. मुलांना कुणी काही सांगत नाही. नंतर त्याच खेळण्यांच्या खोलीत सोडल्यावर ही मुलं तेच करतात, तसेच फटके, तेच शब्द. ज्यांनी शांत माणूस पाहिला होता त्यांच्यात हे फार कमी. मुलाला काय घ्यायचं ते निवडून देता येत नाही, एवढं त्यातून स्पष्ट झालं.

आपल्या शिवारात याचं रूप फवारणीच्या पंपापाशी दिसतं. बाप पोराला सांगतो, औषधाला हात लावू नको, विषारी आहे. आणि तोच बाप उघड्या अंगानं फवारतो, नोझल तुंबलं की काढून तोंडानं फुंकतो, परत बसवतो, हात पँटला पुसून तंबाखू खातो. पोरगा सोळा वर्षांचा झाला की पंप पाठीवर घेतो आणि पहिल्यांदा नोझल तुंबलं की काय करतो? बाटलीवरचा लाल त्रिकोण आणि बारीक अक्षरातली सूचना त्याच्या गावीही नसते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर मास्क, हातमोजे, जनजागृतीचे रथ, सगळं झालं. त्याच वेळी वाड्या-वस्त्यांवर मोठी माणसं उघड्या तोंडानं फवारत होतीच, आणि रथ निघून गेल्यावर रोज दिसत होतं ते तेच.

इंडोनेशियानं हा पेच वेगळ्या ठिकाणी पकडला. तिथं भातावर तपकिरी तुडतुड्यांनी हाहाकार केला होता आणि जास्त फवारणीमुळे ते वाढत होते, कारण त्यांना खाणारे कोळी-किडे आधी मरत. १९८६ मध्ये सरकारनं भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. आपल्याकडे आज कृषिखातं ज्या शेतीशाळा घेतं त्यांचं मूळ हे. पण एक तपशील बहुधा वाटेत गळला. तिथं शेतीशाळा घेणाऱ्या प्रशिक्षकालाच आधी एक पूर्ण हंगाम स्वतः भात पिकवावा लागे. रोप लावायचं, चिखल तुडवायचा, कीड दिसली की घाबरायचं, आणि तरी लगेच फवारायचं नाही. असा हंगाम काढलेला माणूस बांधावर उभा राहिला की त्याच्या बोलण्यात जे वजन येतं ते प्रशिक्षणाच्या फाइलमधून येत नाही.

उदाहरण बरं आणि वाईट, दोन्ही सारख्याच इमानदारीनं शिकवतं, याचा सगळ्यात मोठा पुरावा पुन्हा निरेच्या कालव्यावरच आहे. माळ्यांकडून लोक ऊस शिकले, तसं उसाला भरपूर पाणी सोडणंही शिकले. कालव्याच्या पाण्याची आकारणी पिकाच्या क्षेत्रावर, किती पाणी घेतलं त्यावर नव्हे. तेव्हा हात आखडता घेण्याचं कारण कुणालाच नव्हतं. शेजाऱ्याचं रान तुडुंब भरलेलं दिसलं की आपलं कोरडं वाटायचं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच या कालव्यावर जमिनी पाणथळ होऊ लागल्या, वर पांढरा थर येऊ लागला. क्लॉड इंग्लिस यांच्यासारख्या अभियंत्यांनी चर काढून पाणी निचरण्याचे उपाय सुरू केले. तरी आजही निरेकाठच्या गावांत क्षारपड आणि चोपण जमिनींचे तुकडे दाखवायला लांब जावं लागत नाही. एका पिढीनं दुसरीला ऊस दिला तेव्हा त्याच्याबरोबर हाही वारसा गेला. पाट फोडून रात्रभर पाणी सोडून झोपणारा बाप पोराला काहीच शिकवत नव्हता, असं कोण म्हणेल?

मग उलट्या दिशेनं उदाहरण घालून देता येतं का? पाणी कमी वापरायचं, ऊस नाही करायचा, असं? निरेच्या याच खोऱ्याच्या वरच्या बाजूला, पुरंदर तालुक्यातल्या नायगावात, विलासराव साळुंखे यांनी ते करून पाहिलं. साळुंखे पुण्यातले अभियंते आणि उद्योजक. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडणारी माणसं पाहून ते अस्वस्थ झाले. उपदेश करत फिरण्याऐवजी त्यांनी नायगावच्या देवस्थानची सोळा हेक्टर पडीक, उताराची जमीन दीर्घ मुदतीच्या करारानं घेतली आणि पत्नी कल्पनाताईंसह तिथं जाऊन राहिले. बांध घातले, पाझर तलाव केला, विहीर काढली आणि अडवलेल्या पाण्यावर धान्य, भाजी, फळझाडं घेतली. जिथं कुसळं उगवत तिथं पोटापुरतं धान्य निघालं. आसपासचे लोक बघायला येऊ लागले, आणि त्यातून पाणी पंचायतीची कल्पना उभी राहिली.

तिचे नियम आजही दचकवणारे आहेत. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, माणशी: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही वाटा. उसाला बंदी. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. पुरंदरच्या कोरड्या गावांत अशा योजना झाल्या, कारण बघणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न आणि नायगावच्या रानाचा प्रश्न एक होता. इथून काही मैलांवर, कालव्याच्या खालच्या अंगाला, त्या उदाहरणाचा कुणावर फारसा परिणाम झाला नाही. बारामतीच्या बागाईतदाराला नायगाव माहीत होतं, त्याचा आदरही होता. पण त्याच्या शेजारच्या बांधावर उभा होता तो ऊस, आणि त्या उसाचं बिल. संयमाचं उदाहरण लांबून प्रभावी दिसतं आणि जवळ येताच फायद्याच्या उदाहरणापुढे फिकं पडतं, हे मान्य करायला हवं. साळुंखे २००२ मध्ये गेले. त्यांच्या कामाची थोरवी यानं कमी होत नाही. पण नियम, दर आणि पाणीवाटप उलट दिशेला खेचत असताना एकट्या उदाहरणावर किती भार टाकायचा, याचं उत्तर त्यातून मिळतं.

याच पुरंदर तालुक्यातल्या खानवडीचं मूळ असलेल्या जोतीराव फुल्यांचं एक पाऊल इथं आठवतं. १८४८ पासून ते शाळा चालवत होते, अस्पृश्यतेविरुद्ध बोलत होते. १८६८ मध्ये त्यांनी पुण्यातल्या आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. जातीतल्या लोकांचा रोष ओढवणार हे उघड होतं. बोलण्याची किंमत समाज तोवर ठरवत होता. हौदाची किंमत फुल्यांनी स्वतः भरली आणि ती सगळ्यांना दिसली. गाडगेबाबांचंही तेच, पण अधिक सोपं. कीर्तन रात्री, दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायला सुरुवात. दहा मिनिटांत गावातली पोरं झाडू घेऊन मागं लागत. बाबांची थोरवी कुणाला अनुकरता आली नसती, पण खराटा प्रत्येकाच्या घरात होता. ज्याचं अनुकरण आज संध्याकाळी करता येईल असं काहीतरी त्यांनी लोकांसमोर ठेवलं. संतांच्या मोठमोठ्या तसबिरी लावणाऱ्या आपल्या शाळांना हा भेद कधी कळेल कोण जाणे.

आता उसात नवी लाट आली आहे. मातीत बसवलेले संवेदक, उपग्रहाची छायाचित्रं, हवामान केंद्र, आणि या सगळ्याचा मेळ घालून ‘उद्या पाणी देऊ नका’ असं मोबाइलवर सांगणारी कृत्रिम बुद्धिमत्ता. बारामतीच्या ट्रस्टनं आपल्या प्रक्षेत्रावर तिची प्रात्यक्षिकं उभी केली आणि २०२४ पासून ती शेतकऱ्यांच्या रानात न्यायला घेतली. ज्या मुलखात शंभर-सव्वाशे वर्षं जास्त पाण्याचंच उदाहरण बांधाबांधावर गिरवलं गेलं, तिथं मोबाइलचं ऐकून मोटर बंद ठेवणारा पहिला शेतकरी फार मोलाचा आहे. त्याच्याकडे लोक कसे बघतील ते ठरलेलं आहे. कारखान्याच्या काट्यावर त्याचा ट्रॅक्टर चढला की टनेज विचारतील, पावती बघतील, मग खर्च विचारतील. आणि आबा पुन्हा तेच म्हणतील: दुसरा तुकडा दावा.

माझी एक तक्रार मात्र आहे, ती प्रात्यक्षिकांच्या पाट्यांबद्दल. प्लॉट जमला की पाटी लागते: शेतकऱ्याचं नाव, वाण, लागणीची तारीख, खतांचे डोस. जमला नाही की पाटी गुपचूप निघते, आणि पुढच्या मेळाव्याची गाडी त्या रस्त्यानं जातच नाही. टेरेलच्या व्यापाऱ्यांनी हजार डॉलर आधी बाजूला काढून ठेवले होते, कारण पोर्टरचं पीक बुडू शकतं हे त्यांनी उघडपणे धरलं होतं. आपल्या प्रात्यक्षिकांतही ज्या शेतकऱ्यानं नव्या पद्धतीवर आपला हंगाम लावला त्याच्या नुकसानीची तरतूद आधी असावी, आणि फसलेला प्लॉट मोडण्याआधी लोकांना त्यात उतरवावं: बेणं चुकलं, पाणी तुंबलं, का हुमणी लागली? आडसाली उसाला सोळा-अठरा महिने लागतात. हे बघायला एवढा वेळ घालवणारा शेतकरी अर्धी गोष्ट ऐकायला आलेला नसतो.